दौलतचे हात, कमलचे कान

दौलत घाडीला कमी ऐकू येतं हे लालबागच्या त्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त दौलतला ठाऊक नव्हतं. थट्टा म्हणून सांगत नाही. उभा जन्म गिरणीच्या साचेखात्यात काढलेल्या माणसाचं असंच होतं. शेकडो साचे, म्हणजे कापड विणणारे यंत्रमाग, एकाच वेळी खडाखड चालू असतात, तिथे कुणाचं बोलणं कुणाच्या कानावर पडत नाही. माणसं ओठ बघून बोलतात, बोटांनी वेळ सांगतात, भुवई उडवून चहा मागवतात. ज्याला तिथे काहीच ऐकावं लागत नाही त्याचे कान कधी गेले ते त्याला कळणार कसं? साचेवाला पाळी संपवून बाहेर येतो तेव्हा त्याच्या कानात एक घूं चालू असते. पहिली काही वर्षं ती घरी येईपर्यंत विरते. पुढे विरेनाशी होते. आणि मग त्याला वाटायला लागतं, की जगात एवढा आवाज सगळीकडे असतोच.

दौलतच्या कानात ती घूं अशी कायमची मुक्कामाला आली होती. त्याची बायको कमल लग्नाआधी त्याच गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती, त्यामुळे ओठांची भाषा तिलाही येत होती. ती त्याच्याशी कधी पाठमोरी बोलली नाही. समोर उभी राहायची, सावकाश ओठ हलवायची, आणि तो बरोबर उत्तर द्यायचा. शेजारची सुभद्रा एकदा म्हणाली होती, "कमल, तुमच्या घरातून कधी भांडण कसं ऐकायला येत नाही गं?" कमल म्हणाली, "होतं की. आवाज बंद ठेवून होतं."

दौलतला एकाच गोष्टीचा गर्व होता. विणलेलं कापड घडी खात्यात जायचं, तिथे ते उजेडावर धरून तपासायचे. कुठे जाळी पडलेली, कुठे धागा सुटलेला दिसला की साचेवाल्याला बोलावून तो ताका चारचौघांत त्याच्या तोंडासमोर धरायचे. भल्याभल्यांच्या माना तिथे खाली गेल्या. दौलतचं कापड परत आलं ते एकदाच, आणि तेसुद्धा दुसऱ्या पाळीवाल्याचं पाप होतं असं तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. सुरुवातीला सगळ्यांच्या अंगात वारं होतं. कमलने आणि त्याने गावी कणकवलीकडे जाऊन शेत केलं, भात घेऊन परत आले, सभांना गेले, मोर्चाला गेले. लेक मंजुळा आधीच सासरी गेलेली, म्हणून खाणारी तोंडं दोनच होती, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पुढे दिवाळी गेली, शिमगा गेला. शेजारचे एकेक जण मान खाली घालून गिरणीच्या दारातून आत जाऊ लागले. गिरणीवाले माफीनाम्यावर सही मागत होते. दौलत म्हणाला, "मी काय चोरी केलंय?" सही त्याने केली नाही. संप मागे घेतला असं कुणी कधी येऊन सांगितलं नाही. धुतलेल्या कापडाचा रंग जातो तसा तो हळूहळू गेला, आणि कुठल्या दिवशी गेला ते कुणालाच सांगता येणार नाही.

एक दिवस चार जणांबरोबर दौलतही गेटवर गेला. सही न करता घेतायत का, एवढंच विचारायला. आतून निरोप आला, तुमच्या साच्यावर माणूस आहे. बस्स. त्या दिवशी घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून बसला तो बसलाच. कमलने ताट वाढलं की दोन घास खायचा आणि सरकवायचा. भूक नाही म्हणायचा. दारूच्या नादाला लागला असता तर चार शिव्या तरी देता आल्या असत्या. हा नुसता बसायचा, आणि त्याची बोटं मांडीवरच्या चादरीच्या काठाशी चाळा करत राहायची. एकदा कमलने चादर धुवायला काढली, तर काठाचा एकूण एक दोरा सोडवून त्याला गाठी मारलेल्या. साचेवाले तुटलेला धागा सांधताना मारतात ती बारीक गाठ. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कमल मोरीत बसून त्या गाठींकडे बघत राहिली. हा माणूस आता हातचा जातो असं तिच्या मनाने घेतलं आणि तिला रडू आलं. दौलत आतच होता, पण त्याच्यापासून रडणं लपवायला फार कष्ट पडत नसत.

खालच्या मजल्यावर सीताराम राहायचा. गिरणीत वायरमन होता, संपात तोही घरी बसला होता. पण वायरमनला बाहेर काम मिळतं. लॅमिंग्टन रोडवरच्या एका शेठकडून त्याने बॅटरी एलिमिनेटर जोडायचं काम आणलं. तेव्हा घरोघरी ट्रान्झिस्टर होते आणि सेल महाग. एलिमिनेटर म्हणजे एक डबी. तिची एक वायर भिंतीतल्या प्लगात, दुसरी रेडिओत. सेलची गरजच नाही. शेठ सुटे भाग द्यायचा, डब्या भरून परत न्यायच्या. सीतारामला एकट्याला उरकेना. तो वर आला आणि भिंतीकडे तोंड करून बसलेल्या दौलतच्या समोर जाऊन बसला.

"दौलत, हात मोकळे आहेत ना तुझे? मग ऐक. हे शिकून घे."

"माका विजेतला काय कळता?"

"कळेल रे. साचा कळला तुला, हे काय अवघड आहे?"

त्याने जमिनीवर खडूने आकृती काढली. भिंतीतली वीज एका दिशेने वाहत नाही, तो म्हणाला. ती जाते आणि येते, जाते आणि येते, सेकंदाला पन्नास वेळा. रेडिओला ती चालत नाही. रेडिओला सेलसारखी वीज लागते, एकाच बाजूने जाणारी. आधी ट्रान्सफॉर्मर तिचा जोर कमी करतो, पण तिचं जाणं-येणं तसंच राहतं. मग हे डायोड. त्याने मुगाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा काळा तुकडा दौलतच्या तळहातावर ठेवला. त्याच्या एका टोकाला रुपेरी पट्टा होता. "हा एका बाजूने वीज जाऊ देतो, उलटी आली की अडवतो. एकच लावला तर जाणारी वीज मिळते, येणारी फुकट. म्हणून चार लावायचे, असे चौकोनात. वीज जाताना हे दोन उघडतात, येताना ते दोन. ती कुठूनही आली तरी बाहेर एकाच बाजूने पडते."

दौलतने आकृतीच्या रेघांवरून बोट फिरवलं. मग कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडावर काहीतरी हललं.

"ह्यां तर साच्यासारख्यां झालां रे. धोटो हयसून थंय जाता, थयसून हय येता. पण कापड एकाच बाजूक गुंडाळलां जाता."

"बघ! आणि तू म्हणतोस कळत नाही."

"आणि ह्यो डबो कसलो?"

"हा कंडेन्सर. चार डायोडमधून वीज एका बाजूने निघते खरी, पण धक्क्याधक्क्याने निघते. आपल्या नळाला कसं पाणी गुचक्या देत येतं? पण पिंपात भरून घेतलं की तोटीने सरळ धार येते. हा कंडेन्सर म्हणजे पिंप. हा नीट असला तर रेडिओ साफ वाजतो. हा मेलेला असला, नाहीतर एखाद्या डायोडचा सांधा कच्चा राहिला, तर रेडिओ घुमतो. म्हणून प्रत्येक डबी रेडिओला लावून बघायची. स्टेशन लावायचं नाही, आवाज मोठा करायचा आणि ऐकायचं. घूं आली की बाजूला काढायची. शेठ कंडेन्सर जुन्या सेटमधले काढून देतो, त्यात मेलेले खूप असतात."

दौलतची बोटं त्या कामाला जणू जन्मापासून सरावलेली होती. तापलेली सोल्डरिंगची सळई, शिशाची तार, डायोडचे केसासारखे पाय. पट्टा कुठल्या बाजूला हवा हे तो एकदाही चुकला नाही. त्या दिवशी त्याने पहिल्या डब्या भरल्या, एकेक रेडिओला लावली, रेडिओ उचलून कानाला चिकटवला, डोळे मिटले, आणि म्हणाला, "साफ."

मोरीशी भांडी घासत असलेल्या कमलचा हात थांबला. रेडिओ घुमत होता. चांगला घुमत होता, डबक्यात बेडूक बसल्यासारखा. दौलतने ती डबी बाजूच्या ढिगात ठेवली, पुढची लावली. तीही घुमली. "साफ." त्याच्या पुढची खरोखरच साफ होती. तिलाही तो "साफ"च म्हणाला. कमलच्या एकदम लक्षात आलं. घूं नसलेली शांतता कशी असते हेच या माणसाला माहीत नाही. याच्या कानात साचे अजून चालू आहेत.

ती हात पुसून त्याच्या समोर आली. सांगायला म्हणूनच आली होती. तेवढ्यात तो म्हणाला, "कमल, जेवक वाढ गो. भूक लागली." जेवायला बसला, आमटीत भात कालवून भुरके मारत खाल्ला, आणि ताट पुढे करून म्हणाला, "वायच भात घाल आणि." कमलने भात घातला. तोंडाशी आलेलं तिने गिळलं. तुम्ही आम्ही तिच्या जागी असतो तर काय केलं असतं ते सांगायला सोपं आहे.

तिने सीतारामला गाठून सांगितलं. तो कपाळाला हात लावून बसला. वायरमन सगळ्या खात्यांतून हिंडायचा, साचेखात्यात कधीमधी, म्हणून त्याचे कान शाबूत होते, आणि दौलतला घूं कळणारच नाही हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"वहिनी, त्याला सांगितलं तर तो हे पण टाकेल."

"म्हणूनच तुमच्याकडे आले. मला शिकवा. त्यांचं मी निस्तरीन."

सीतारामने तिला शिकवलं. एक डायोड बंद असला की रेडिओ जाड आवाजात घुमतो, कारण वीज अर्धीच पोचते. चारही डायोड चालू आणि कंडेन्सर मेलेला असला की तीच घूं जरा चढ्या पट्टीत येते. कमल वाइंडिंगवाली. चात्या फिरताना आवाज जरा बदलला की सूत कुठे तुटलं ते तिला बघावंही लागत नसे. पंधरवड्यात ती रेडिओ लावताच सांगू लागली की सांधा कच्चा आहे की कंडेन्सर गेलाय. कच्चा सांधा ती स्वतः तापवून पक्का करायची. मेलेला कंडेन्सर काढून दुसरा घालायची. शेठ जास्तीचे द्यायचा.

दौलत संध्याकाळी नाक्यावर जायचा. संपातले पाचसहा जण तिथे रोज बसायचे, त्यांच्या लेखी संप चालूच होता. तो गेला की कमल दाराला कडी लावायची आणि दिवसभराचा ढीग उपसायची. तो परत येईपर्यंत डब्या जशा होत्या तशा रचून ठेवलेल्या. सीताराम पुढच्या वर्षी खोली भावाच्या हवाली करून लांज्याला गावी निघून गेला. जाताना जिन्यात तिला म्हणाला, "वहिनी, तुम्ही एक दिवससुद्धा आजारी पडू नका." हसत म्हणाला होता, पण तिला ते लागलं.

लॅमिंग्टन रोडवर माल पोचवून दौलत घरी यायचा तो वेगळाच माणूस होऊन. "शेठ काय म्हणता ठावक हा? दौलतभाई, सगळ्यांचो माल परत येता, तुमचो नाय." हे तो दर खेपेला सांगायचा. नाक्यावरही सांगायचा. गिरणीने ज्याला साच्यावरून काढलं त्याचा माल परत येत नाही, म्हणायचा, आणि त्या बसलेल्यांपैकी एखादा मान डोलवायचा, कारण त्यांनाही कुणाचं तरी काहीतरी बरं चाललंय हे ऐकायचं असायचं. कमल चुलीकडे वळून ऐकायची. तिला आनंद व्हायचा. खरंच व्हायचा. आणि त्याच आनंदाला भीतीचं कुसळ असायचं. हे एक गेलं की हा पुन्हा चादरीला गाठी मारत बसेल, आणि या खेपेला तिथून उठणार नाही, हे ती मनाशी पक्कं धरून होती.

पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात कमलच्या पोटात दुखायला लागलं. अंगावर काढलं, काढता येईल तितकं काढलं. शेवटी सुभद्राने तिला धरून परळच्या सरकारी इस्पितळात नेलं. गर्भपिशवी काढायला हवी, डॉक्टर म्हणाले. लगेच. कमलने पहिला प्रश्न विचारला तो, "घरी कधी सोडाल?" डॉक्टरांना वाटलं बाईला घराची ओढ आहे.

ऑपरेशन झालं, पण टाके पिकले. आठवडे लांबत गेले. दौलत रोज भेटीच्या वेळेला यायचा, पेज आणायचा, तिच्या कपाळावर हात ठेवायचा. बोटांची टोकं भाजून काळी पडली होती. "दिवाळीचो माल हा," तो म्हणायचा. "शेठान दुप्पट दिलान. मी दोन खेपा दिलंय सुद्धा." त्याला वाटत होतं आपण बायकोच्या दुखण्यात दुप्पट राबतोय. 

"आता माल देव नकात," ती म्हणाली. "मी येयपर्यंत रवांदेत. माल काय म्हावरा हा, कुसाक?"

"माल नाय कुसणा. पण शेठ दुसरो माणूस बघतलो."

"माझा ऐका. रवांदेत."

तो हसला. बायकोला आपली काळजी, असा त्याने अर्थ घेतला, आणि तिच्या पायावरचं पांघरूण सारखं करून निघून गेला. शेजारच्या खाटेवर वरळी कोळीवाड्याची म्हातारी राधाबाई होती. ती म्हणाली, "नवरा गुणाचा गो तुजा. कशाला रडतंस?" कमलने तोंड फिरवलं. सांगायला हवं होतं, आत्ताच सांगायला हवं होतं, हे तिला कळत होतं. प्रत्येक दिवशी ती ठरवायची, उद्या. प्रत्येक दिवशी तो ती काळी बोटं घेऊन यायचा आणि किती डब्या झाल्या ते उत्साहाने सांगायचा, आणि तिचे ओठ उघडायचे नाहीत. माणूस खोटं बोलतो ते एकदाच बोलतो असं नाही. रोज सकाळी उठून ते नव्याने बोलावं लागतं.

एका गुरुवारी तो आला तो हातात गोणपाटाची पिशवी आणि काखेत रेडिओ घेऊन. आल्या आल्या त्याने पेजेचा डबासुद्धा खाली ठेवला नाही.

"शेठान सगळो माल परत दिलान. सगळो. दोनय खेपांचो." त्याचा आवाज चढला होता, पण तो रागाने लाल झाला नव्हता. उलट थोडा खुशीत होता, खोटं पकडल्यासारखा. "म्हणता सगळो माल घुमता. दुकानदारांनी तोंडार मारलो म्हणे. नाटका हत सगळी. कोणतरी स्वस्तातलो माणूस गावलो आसतलो त्याका. म्हटलं, माझी बायको रोज घरात ऐकता, तिका इचारतंय. तू सांग. तू सांगलंस काय मी जाऊन त्याच्या तोंडार सांगतंय."

"अहो, हय नको. घराक गेल्यार बघूया."

"घराक कधी येतलंस तू?"

खाटेच्या डोक्याशी भिंतीत प्लग होता. त्याने पिशवीतली वरचीच डबी काढून लावली. रेडिओला वायर खुपसली, कुठलंही स्टेशन न लावता आवाजाची चकती पूर्ण फिरवली. घूं सगळ्या वॉर्डात भरली. जाड, खालची, एका डायोडचा सांधा कच्चा असल्याची. कमलने पहिल्या क्षणाला ओळखलं, आणि डोक्यात नको तेव्हा आलं, की हे दोन मिनिटांचं काम होतं.

दौलतने रेडिओ उचलून कानाला लावला आणि डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "बघ," तो म्हणाला. "कसो साफ हा."

वॉर्डातल्या बायका उठून बसल्या. पलीकडे एक बाई कानावर उशी दाबून पडली. परिचारिका लांबून हात हलवत येऊ लागली. दौलतने डोळे उघडले ते या सगळ्यांच्या समोर. राधाबाई त्याच्याकडे तोंड करून म्हणत होती, "अरं बाबा, बंद कर रं ते घोंघों. डोका उठला माजा."

ओठ वाचण्यात दौलतचा हात धरणारा साचेखात्यात दुसरा नव्हता. त्याने म्हातारीचे ओठ वाचले. मग पलीकडच्या बाईची उशी बघितली. मग कमलकडे वळला. कमलला अजूनही नाही म्हणता आलं असतं. ती म्हातारी वेडी आहे असं म्हणता आलं असतं. तिने प्रयत्न केला, आणि तिला ते जमलं नाही.

"येता आवाज?" त्याने विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली.

"बरोच येता?"

तिने पुन्हा मान हलवली.

"मगे आधीचो माल? तो कसो परत येय नाय?"

"मी बघी होतंय," कमल म्हणाली. "तुमी नाक्यार गेल्यार."

"कधीपास्ना?"

"पयल्यापास्ना."

त्याने चकती फिरवून रेडिओ बंद केला. वॉर्ड शांत झाला, पण ते त्याला कळलं ते बायका पुन्हा आडव्या झाल्या म्हणून. तो खाटेच्या कडेला बसला. डबी हातात घेऊन तिचं झाकण काढलं आणि आतल्या चार डायोडांकडे बघत राहिला. चारही पट्टे जिथे हवे तिथे होते. "आणि सांधे?" त्याने मान वर न करता विचारलं. उत्तरासाठी वर बघावं लागतं हे आठवून त्याने वर बघितलं.

"काय काय कच्चे रवत. ते मी तापवी होतंय."

"मगे मी काय करत होतंय?"

 तिने त्याचा हात धरला, तो त्याने सोडवला नाही, पण धरलाही नाही. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. ती त्याला ऐकू आली नाही. बाकीचे उठून जायला लागले तेव्हा तोही उठला, डब्या पिशवीत भरल्या, पेजेचा डबा खाटेशेजारी ठेवला आणि गेला.

दिवाळीच्या तोंडावर कमल घरी आली. टाके सुकतात न सुकतात तोच ती सुभद्राला घेऊन लॅमिंग्टन रोडवर गेली आणि शेठला सगळं खरं सांगितलं. शेठ व्यापारी माणूस. म्हणाला, मला काय, कान कुणाचे का असेनात, माल साफ पाहिजे. आणि काम दिलं. कमल येताना टॅक्सीत बसून आली, इतकी तिला घाई होती. आता लपवायचं काही उरलं नाही, तिच्या मनात येत होतं. आता दोघं समोरासमोर बसू. तो जोडेल, मी ऐकेन. मुळातच असं करायला हवं होतं. तो चार दिवस चिडला असता, फुगला असता, मग बसला असता. माझ्या भीतीने मी त्याला इतकी वर्षं त्याच्याच घरात फसवलं. हे तिला टॅक्सीत कळलं, आणि कळून उपयोगाचं नव्हतं तरी तिने वाटेत ते त्याला कसं सांगायचं याचे शब्दही जुळवले.

घरी आल्यावर तिने पाट मांडला, सळई तापत ठेवली, डायोडांची पुडी त्याच्या जागेसमोर ठेवली. तो गॅलरीत खुर्ची टाकून बसला होता. तिने समोर जाऊन सांगितलं. जुळवलेले सगळे शब्द सांगितले. त्याने ते सगळे ओठांवरून वाचले, रागावला नाही, वाद घातला नाही. "तू कर," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच. नाक्यावर जाणं त्याने सोडलं होतं. तिथले दोघे जण विचारायला आले, त्यांना बरं नाही म्हणून सांगितलं. कठड्यावर वाळत घातलेल्या धोतराचा काठ त्याच्या हाताशी यायचा, पण त्याला तो बोटही लावत नव्हता. दोन्ही हात मांडीवर उताणे पडलेले असायचे. कमलला वाटलं, गाठी मारत होता तेव्हा बरा होता.

काम वाढलं. शेठ खूश होता. कमल सकाळपासून एकटी बसायची, जोडायची, ऐकायची, बाजूला काढायची. तिच्या संसारात पैशाचं यापूर्वी कधी नव्हतं इतकं बरं चाललं होतं, आणि प्रत्येक डबी हातातून खाली ठेवताना तिला वाटायचं, ही कुणासाठी?

संक्रांतीच्या सुमाराला एके दिवशी एक डबी जमून आली. रेडिओत अगदी काही नव्हतं, नुसती शांतता. कमल तो रेडिओ तसाच वायरीसकट ओढत गॅलरीच्या दारापर्यंत घेऊन गेली. वायर तेवढीच पुरत होती. तिने त्याच्या खांद्याला हात लावला. तो वळला तेव्हा तिने रेडिओ पुढे केला आणि नवी सून विचारते तसं विचारलं, "बघा हो वायच. साफ हा काय?"

दौलतने रेडिओकडे बघितलं नाही. तिच्या तोंडाकडे बघत होता, ती आणखी काही बोलतेय का म्हणून. ती बोलत नाही असं दिसल्यावर तो पुन्हा रस्त्याकडे वळला.

"तूच बघ," तो म्हणाला. "तुका कळता."